मयताचं सामान

"ते खाली घे," हे म्हणाले.

टेम्पोत उभा असलेला हमाल हातातलं काळं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघायला लागला. या घरात सामान चढवायला सांगणारी एक आहे आणि उतरवायला सांगणारा दुसराच, एवढं त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

"चढव रे तू," मी म्हणाले.

"खाली घे म्हटलं ना!"

बशीरभाई टेम्पोच्या चाकाला टेकून उभे होते. मिरजेहून आलेले, जुनं मंडपाचं सामान घेणारे. माणूस गोड बोलणारा, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. "बापू, भाभी, तुम्ही आधी आत जाऊन ठरवा बरं. माझा माणूस नुसता वर-खाली करून दमला."

हेमानं, माझ्या लेकीनं, कपाळाला हात लावला. शाळेतून रजा काढून ती साताऱ्याहून खास या कामासाठी आली होती. "बाबा, तुम्ही काल कबूल केलंत. माझ्यासमोर."

"केलं की. नेऊ दे त्यांना. हे सोडून नेऊ दे."

ह्यांचं 'हे सोडून' मला पाठ झालं होतं.

आमचा बिछायतीचा धंदा. तासगावात लग्न असो, बारसं असो, कुणाची सत्यनारायणाची पूजा असो, मंडप, सतरंज्या, गाद्या, लोड, पंगतीची भांडी आमच्याकडून जायची. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागं एक पत्र्याची शेड होती. धंदा वाढला तशी शेड भरली. मग सामान पडवीत आलं, पडवीतून माजघरात आलं. पाहुणा आला तर त्याला गाद्यांच्या ढिगावर बसवायचं. हेमाचा सगळा अभ्यास पालथ्या पातेल्यावर वही ठेवून झाला. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपायचे, कारण माजघरात नवरा-नवरीची लाल मखमली सिंहासनं मांडून ठेवलेली असायची. घरात माझ्यापेक्षा त्या सिंहासनांचा मान मोठा.

तेव्हा तक्रार नव्हती. धंदा होता, पोट त्यावर होतं. पुढं गावाबाहेर लॉन झाली, हॉल झाले. मंडपापासून भटजीपर्यंत सगळं तिथं एकाच ठिकाणी मिळायला लागलं. आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक कमी होत होत थांबलं. सामान तेवढं घरातच राहिलं.

आणि मला दमा लागला.

डॉक्टर चांगले होते. पंप दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं. नंतर एकदा सहज घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "काकी, औषध मी देतो. पण तुम्ही गोदामात राहता. आधी हे हलवा, नाहीतर माझ्या औषधाला दोष देऊ नका."

हलवायचं ठरलं त्यालाही मग दोन वर्षं उलटली. पहिला माणूस आला, त्यानं एका पातेल्याला पायानं ढकलून आवाज बघितला. ह्यांनी त्याला चहाही न देता परत पाठवला. दुसरा आला, त्याला फक्त चांगलं हवं होतं. तिसरा यायच्या दिवशी हे शेडची किल्ली खिशात घालून सांगलीला निघून गेले, ते संध्याकाळी आले. मी बोलले, रडले, चार दिवस अबोला धरला. अबोल्याचा ह्यांच्यावर काही परिणाम होत नाही. ह्यांना तो आरामच वाटतो.

त्या दिवशी मात्र गंमत अशी की, चांगलं सामान सगळं मुकाट्यानं गेलं. सिंहासनं गेली. स्टीलची ताटं गेली, नव्या गाद्या गेल्या, कधी काळी मुंबईहून आणलेलं काचेचं झुंबर गेलं. मला वाटलं झुंबरापाशी अडणार. पण ह्यांनी स्वतः ते कापडात गुंडाळून बशीरभाईंच्या हातात दिलं. "जपून न्या, वरची कडी ढिली आहे," एवढंच म्हणाले. माझ्या मनाला जरा उभारी आली.

मग शेडच्या डाव्या कोपऱ्यातलं सामान निघायला लागलं, आणि हे उठून मधे उभे राहिले.

तो कोपरा मयताच्या सामानाचा. लग्नाचं आणि मयताचं सामान आमच्याकडं पहिल्यापासून वेगळं. ठिगळं लावलेल्या सतरंज्या, आंघोळीचं पाणी तापवायचं ते काळंकुट्ट पातेलं, पाण्याचं पिंप, लोखंडी खुर्च्या. कुणाकडं मयत झालं की घरातलं माणूस आमच्या दाराशी यायचं. हे हातातला घास टाकून उठायचे. त्याचं भाडं ह्यांनी आयुष्यात घेतलं नाही. सतरंज्या स्वतः घेऊन जायचे, स्वतः अंथरायचे, माणसं मातीला गेली की गोळा करून आणायचे. आणि चिखलानं भरलेल्या, पानाच्या थुंकीनं भरलेल्या त्या सतरंज्या धुवायचं काम कुणाचं? माझं.

लॉनवाले आले, पण मयताची माणसं आमच्याच दारात येत राहिली. मयताला काही लॉन नसतं. ह्यांची सत्तरी उलटली, कमरेला पट्टा लागला, तरी खांद्यावर सतरंजी टाकून निघायचेच. परत आले की झटकायचे, आणि ती सगळी धूळ माझ्या छातीत.

"चांगलं विकता आणि फाटकं ठेवता?" मी म्हणाले. "लोकांनी ऐकलं तर हसतील."

"हसू दे."

"अहो, काय करायचंय याचं?"

"लागतं."

"कुणाला?"

"लोकांना लागतं."

"लोकांना लागतं! मला श्वास लागतो, तो दिसत नाही तुम्हाला?"

हे पुढं झाले. हमालाच्या हातातलं पातेलं घेतलं, शेडमध्ये नेऊन होतं तिथं ठेवलं आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. जणू ते पळून जाणार होतं.

हेमा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, राहू दे ना तो एक कोपरा. बाकी सगळं गेलं की. एवढं तरी ठेवू दे त्यांना."

"तू सातारला जाशील. धुवायचं मला आहे."

"नको धुऊस तू, बाबा धुतील."

"तुझ्या बाबांनी आजवर स्वतःचा रुमाल धुतलाय?"

बशीरभाईंनी मधे तोंड घातलं. "भाभी, मला हे नाही नेलं तरी चालतंय. फाटकंच आहे. तुमच्या घरात भांडण नको माझ्यापायी."

सगळे मिळून मलाच समजावत होते. मयताचं सामान ठेवणारा शहाणा, आणि मोकळी जागा मागणारी मी हट्टी. माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, शेडमध्ये गेले आणि सतरंज्यांच्या थप्पीतली वरची सतरंजी ओढली. जड असते ती. अर्धी माझ्या अंगावर आली, तिच्यातली वर्षानुवर्षांची माती नाकातोंडात गेली. तरी मी ओढतच राहिले. दारापर्यंत आणली. टेम्पोपर्यंत काही पोहोचले नाही.

दम्याचा झटका ज्याला येतो त्यालाच माहीत. आसपास सगळी हवा असते आणि आपल्याला त्यातली घोटभर मिळत नाही. मी दारातच खाली बसले. हेमा ओरडली, पंप शोधायला धावली. पंप स्वयंपाकघरात, आणि वाटेत बशीरभाईंचं चढवायचं राहिलेलं सामान. ह्यांनी मला धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. पण मला त्या हातांचाही राग येत होता.

पंप ओढला. थोड्या वेळानं छाती सैल झाली. हेमानं पाणी दिलं. हमाल दुसरीकडं बघत उभा होता, बिचाऱ्याला कुठं बघावं कळत नव्हतं.

आवाज फुटला तशी मी पहिलं वाक्य बोलले ते हे, "गावाच्या मयताचं सामान घरात ठेवून माझं मयत काढायचंय का तुम्हाला?"

मी असं कधी बोलले नव्हते. हेमा "आई!" म्हणाली. हे माझ्यासमोर उकिडवे बसले होते, ते तसेच खाली टेकले. त्याच सतरंजीवर, अर्धी आत, अर्धी बाहेर होती तिच्यावर. तिची दशी बोटाभोवती गुंडाळायला लागले.

मग म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा आमच्याकडं बसायला काही नव्हतं."

सासूबाई मी बघितल्या नव्हत्या. हे लहान असताना त्या गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"वरच्या आळीला राहायचो आम्ही. पावसाळ्याचे दिवस. अंगणात नुसता चिखल. आईला पोत्यांवर ठेवलेलं. लोक आले, बरेच आले. आई सगळ्यांच्या उपयोगी पडायची. बाबांनी मला बिछायतवाल्याकडं पाठवलं, सतरंजी माग म्हणून. त्या वेळी गावात एकच बिछायतवाला होता. तो म्हणाला, मयताला दिलेली सतरंजी पुन्हा लग्नाला कोण घेणार? नाही देत. मी उभा राहिलो. मग म्हणाला, उभा काय राहतोस, जा. मी आलो परत."

हेमा माझ्यामागं उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका यायचे होते कऱ्हाडहून. त्यांची वाट बघायची होती. लोक उभे राहिले. किती वेळ उभं राहणार चिखलात? म्हातारी माणसं होती. एक जण गेला, दुसरा गेला. कुणाचं चुकलं असं नाही. काका आले तेव्हा उचलायला माणसं कमी पडत होती. बसायला असतं, तर थांबले असते लोक."

एवढंच. त्यावर ना डोळ्यांत पाणी, ना आवाज चढलेला. भाव सांगावा तसं सांगितलं.

आता मी विरघळले असेन, असं ऐकणाऱ्याला वाटेल. मला खरं सांगायचं तर आणखीनच संताप आला. चाळीसच्या वर वर्षं मी या माणसाबरोबर राहिले. त्या सतरंज्या माझ्या हातांनी धुतल्या, त्यांना ठिगळं माझ्या हातांनी लावली. हे दर वेळी जेवणावरून उठून गेले तेव्हा मी ताट झाकून बसले. आणि मला हे आज कळतंय? तेही हमालासमोर?

"एकदा तरी सांगायचं होतं मला," मी म्हणाले.

"काय सांगायचं त्यात?"

"काय सांगायचं! मी आपली समजत होते, तुम्हाला गावात बापू म्हणवून घ्यायची हौस आहे."

"तीही असेल थोडी," हे म्हणाले.

हेमाला हसू आलं, तिनं ते दाबलं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी भिंतीला टेकून त्या कोपऱ्याकडं बघत होते. ते सामान तिथं राहणार, हे आता पक्कं होतं. ही गोष्ट ऐकल्यावर कोण म्हणणार विका म्हणून? हेमा म्हणणार नव्हती. बशीरभाईंनी तर मानच खाली घातली होती. आणि मी पुढच्या महिन्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या, पुन्हा याच दारात खोकत बसणार होते.

छाती भाता झालेली असली तरी डोकं चालत असतं. मला एकदम दिसलं ते दारात उभं असलेलं, परत पाठवलेलं पोर.

"तुम्ही बिछायतवाल्याच्या दारात उभे राहिलात," मी म्हणाले. "त्याचं वाईट वाटलं ना?"

"हं."

"मग गावातली माणसं आपल्या दारात येऊन काय करतात?"

"आपण देतो की त्यांना. कुणाला नाही म्हटलंय का मी?"

"नाही म्हटलं नाहीत. पण मागायला लावलंतच ना? घरात मयत पडलेलं, आणि माणूस इथं येऊन सांगतो, बापू, असं असं झालं. रडतो. दर वेळी तुमच्यापुढं उभं राहून सांगावं लागतं. का म्हणून?"

ह्यांनी मान वर केली.

"तुम्ही सांगलीला गेलेले असता तेव्हा लोक मला विचारतात, बापू कधी येतील? किल्ली तुमच्या खिशात. उद्या तुम्ही नसाल तेव्हा कुणाला विचारायचं? तालमीत ठेवा हे सामान. तिथली मागची खोली रिकामी आहे. दाराला कुलूप घालायचं नाही. ज्याला लागेल त्यानं न्यावं, कुणाला विचारायला नको."

"तालमीत?" हे ताठच बसले. "पोरं गणपतीत वापरतील ते."

"वापरू देत."

"वर जेवतील. डाग पाडतील."

"पाडू देत."

"अगं, धुणार कोण? ठिगळं कोण लावणार? नेलेलं परत कोण आणणार?"

"नाही आणलं तर नाही आणलं. हरवेल. संपेल एक दिवस."

"मग मयताला काय देणार?"

"तुम्ही नका देऊ हो!" माझा आवाज पुन्हा चिरकला. "तुम्ही सोडून गावात माणसं नाहीत का? त्यांना सुचू दे काहीतरी!"

हे उठले आणि शेडच्या आत गेले. आम्ही सगळे दाराशी. आत नुसता भांड्यांचा आवाज येत होता. एक खुर्ची उघडली, मिटली. दुसरी उघडली, मिटली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा किल्ली खिशात जाणार. हेमा आत जायला निघाली, तिला मी अडवलं.

थोड्या वेळानं हे ते काळं पातेलं दोन्ही हातांत धरून बाहेर आले.

"बशीरभाई, तालीम तुमच्या वाटेवरच आहे. तेवढं सोडाल का?"

"सोडतो की बापू."

"एका बाजूला लावा मात्र. लग्नाच्या सामानात मिसळू नका."

हेमा पुढं जाऊन तालमीच्या वस्तादांना विचारून आली. ते म्हणाले, आणा की, खोलीत नुसती घुशी आहेत. सतरंज्या चढल्या, खुर्च्या चढल्या, पिंप चढलं. टेम्पो निघाला तेव्हा हे त्याच्यामागून चालत गेले. पुढं बसा म्हटलं तर बसले नाहीत. परत आले ते थेट अंथरुणावर. रात्रीचं जेवण नाही, बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी हेमा गेली, तिला सोडायला स्टँडवरही आले नाहीत.

मी शेड झाडली. माजघर झाडलं, पाण्यानं धुऊन काढलं. माजघराला मागच्या बाजूनं एक खिडकी आहे, ती गाद्यांच्या मागं होती. तिचं दार उघडेना, गज गंजलेले. हातोडीनं ठोकून उघडली. मोठी खोली होती ती. मला इतकी मोठी वाटली नव्हती कधी. मी मधोमध खुर्ची टाकून बसले आणि मला काही सुचेना. ज्याच्यासाठी इतकी भांडले ते मिळालं होतं, आणि समोर नवरा तोंड फिरवून पडलेला. सुखानं बसूही देत नव्हता. दोन-तीन वेळा मी म्हणाले, "बघा, किती उजेड आला." हे म्हणाले, "हं."

असे आठवडे गेले. मग एका सकाळी वरच्या गल्लीतल्या कोष्ट्यांचा जावई दारात आला. त्याचे सासरे पहाटे गेले होते.

"बापू, सतरंज्या..."

हे सवयीनं उठले. चप्पल न घालताच शेडकडं वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. शेडचं दार उघडं होतं. आत मी पापड वाळत घातले होते.

परत फिरले. "तालमीत आहेत. मागच्या खोलीत. कुलूप नाही, कुणाला विचारू नका. पातेलंही तिथंच आहे."

"बरं," म्हणाला आणि तो गेला. मी चहा टाकत होते, हात तसाच राहिला. आता हे कुणावर चिडणार, ते मला माहीत होतं. पण हे कॉटवर बसले, कमरेचा पट्टा बांधला, टोपी घातली आणि चप्पल शोधायला लागले.

"कुठं निघालात?"

"कोष्ट्यांकडं."

"काय न्यायचंय आता? द्यायला काही आहे का हातात?"

"नाही."

"मग?"

"बसायला जातो," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत हे कुठल्या मयताला बसलेले मला आठवत नाही. अंथरायचे, गोळा करायचे, मधल्या वेळात पाण्याचं बघायचे. बसायला सवड कुठं होती?

दुपार कलल्यावर आले. न्हाणीत आंघोळ केली, बाहेर येऊन माजघरात खिडकीखाली बसले. मी चहा पुढं ठेवला. अर्धा कप प्यायले.

"पोरांनी सतरंज्या उलट्या अंथरल्या होत्या," म्हणाले. "सगळी ठिगळं वर."

"मग? सारख्या करून आलात?"

"नाही." ह्यांनी कप खाली ठेवला. "तशाच होत्या, त्यावर बसलो."